न गळणारा बांध

आमच्या घरात काहीही गळायला बंदी होती. नळ, कौलं, पितळी हंड्याचं बूड, छत्री आणि माझं नाक, या सगळ्यांवर बाबांची सारखीच करडी नजर असे, आणि त्यातलं फक्त नाक त्यांना कधी दुरुस्त करता आलं नाही. बाबा पोफळी नावाच्या गावी वीजघरात फिटर होते. धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून भल्यामोठ्या नळांनी खाली येतं, चक्रं फिरवतं आणि पुढे निघून जातं. त्या नळांचे सांधे आवळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथं थेंब म्हणजे नुसता थेंब नसतो, असं ते म्हणत, त्याच्यामागे अख्खं धरण उभं असतं. कॉलनीत आमच्या क्वार्टरचा नळ टिपकायला लागला की ते भरल्या ताटावरून उठत. कुणाकडे बारशाला गेलो आणि आतल्या मोरीतून टपटप ऐकू आलं की आई माझ्याकडे बघे, मी आईकडे बघे, आणि तोवर बाबा खिशातल्या पान्यासकट आत पोचलेले असत. पाळण्याची गाणी संपून घुगऱ्या वाटल्या जाईपर्यंत ते बाहेर येत नसत. आईला याची फार लाज वाटे. मला वाटत नसे, कारण सगळ्यांचेच बाबा बारशाला पाना घेऊन जातात असा माझा समज होता.

आजोबा गेल्यावर गावचं आगर बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा बाबांनी नोकरी सोडली आणि आम्ही गावी राहायला आलो. रत्नागिरीहून आत, डोंगराच्या कुशीत, एका पऱ्याच्या काठाने उतरत गेलेलं आमचं गाव. पऱ्या म्हणजे ओढाच, पण ओढा म्हटलं की आमच्याकडची माणसं परक्यासारखी बघतात. मी कॉलनीतून आलेली, म्हणून ओढा म्हणायची, आणि शाळेतल्या मुली तेवढ्यावरून मला दिवसभर पुरवून पुरवून हसायच्या. सगळ्यात वर सडा, म्हणजे उघडाबोडका कातळ. सड्याखाली आमची वरची वाडी आणि तिची नारळी-पोफळीची आगरं. पऱ्या आणखी खाली उतरला की खालची वाडी, आणि तिथं पऱ्याच्या अगदी काठावर माझ्या आतेचं घर. कॉलनीत सदोदित एक घुमघुम असे, यंत्रांची; तिची इतकी सवय झाली होती की गावात आल्यावर पहिले काही दिवस मला कानात बोळे घातल्यासारखं वाटत होतं. मग हळूहळू आवाज वेगळे व्हायला लागले. आगरातल्या पाटाचा, म्हणजे पाणी आणणाऱ्या मातीच्या चरीचा, खालच्या आवाजात बोलल्यासारखा. सुकलेली झावळी पडल्याचा, आणि त्यानंतर आईच्या दचकण्याचा. सकाळी चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटायची, तिचा. त्या पेजेबरोबर भाजलेलं सुकट आणि लोणच्याची एक फोड. आजही मला कुणी काय खाणार असं विचारलं तर मी भिडेखातर इडली वगैरे म्हणते, पण मनात पेजच असते.

आते बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, त्यामुळे बाबांना तिनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. लग्नसुद्धा तिने खालच्या वाडीतच करून घेतलं, हाक मारली तर भावाला ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पुढे ती हाक वाडीला ऐकू जाई, असं आई म्हणायची. आतेच्या घरामागे पऱ्याला एक कोंड होती. खडकात खोल गेलेला, वर करंजाच्या झाडाची सावली असलेला डोह म्हणजे कोंड. ती राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची. तिच्यात कुणी गरी टाकायची नाही, जाळं लावायचं नाही. त्यामुळे तिच्यातल्या मळये माशांना माणसाचं भय म्हणून कसलं ते नव्हतं. आते राखेने आणि नारळाच्या सोडणाने भांडी घासायला बसली की ते खरवडीसाठी तिच्या मनगटाभोवती गोळा होत, धक्काबुक्की करत, आणि ती त्यांना नावानिशी शिव्या घाले. मी पाण्यात पाय सोडून बसे. मासे तळव्यांना टोचत आणि मी किंचाळत असे, कारण मला किंचाळायला आवडायचं. परवा मुलाने मला पुण्यात एका मोठ्या दुकानात नेलं, तिथं लोक तिकीट काढून काचेच्या हौदात पाय सोडून बसले होते आणि मासे त्यांच्या टाचा टोचत होते. मी त्या काउंटरवरच्या मुलीला आतेबद्दल सांगायला लागले. मुलाने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

आईने गावी आल्या आल्या एक चूक केली. कॉलनीतली निळी धुण्याची पावडर घेऊन ती कपड्यांचं बोचकं कोंडीवर घेऊन गेली. फेस पाण्यावर धरला न धरला तोच आते पायऱ्या उतरत आली. तिने आईला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण ओलं बोचकं उचललं आणि वर गवतात असलेल्या धोंडीवर नेऊन ठेवलं. साबणाचं धुणं तिथं, आणि ते पाणी गवताने प्यायचं, असा तिचा कायदा होता. आईने घरी येऊन दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी ती त्याच धोंडीवर आतेच्या शेजारी बसून माझ्या केसांतल्या उवांबद्दल बोलत होती.

पण ती कोंड माझ्या वेळीही पूर्वीची राहिली नव्हती. सड्यावर चिऱ्याची खाण निघाली होती. जांभा दगड कापून त्याचे चिरे करायचे, घरांना वापरायचे. कापताना जो तांबडा भुगा उडे तो तिथंच साठे, आणि पावसाचं पाणी त्याचं लाल गंध करून पऱ्यात आणून सोडे. दरसाल कोंडीच्या तळाशी त्याचा एकेक थर बसत गेला. बाबा लहानपणी जिथं बुडी मारायचे तिथं मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची, आणि तळातले झरे, ज्यांच्यामुळे वैशाखातही कोंड गार असे, ते त्या गाळाखाली गाडले गेले होते. यात कुणा एकाला दोष द्यावा तर तोंड उघडायची सोय नव्हती. आमचं नवं स्वयंपाकघर त्याच खाणीच्या चिऱ्यांचं. परसातली पाण्याची टाकी, जिला बाबांनी स्वतःच्या हाताने आतून सिमेंट फासलं होतं आणि जिचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता, तीही त्याच चिऱ्यांची. सड्याचा एक तुकडा आमच्या घरात आला होता आणि त्याची पूड आतेच्या कोंडीत गेली होती.

भात कापून झालं आणि पऱ्याचं पाणी ओसरलं की वरची वाडी बांध घालत असे. आमच्याकडे हा एक सणच. घराघरातून एकेक माणूस यायचा. धोंडे रचायचे, त्यांच्या फटीत झाडांचा टाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या कोंबायच्या, वर मातीचं लिंपण थापायचं. पाणी तुंबून वर चढलं की ते पाटात शिरे आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या आगरात फिरे. बांध घालून झाला की पऱ्याला नारळ आणि माणसांना जेवण. तांदळाच्या भाकऱ्या, पावट्याची उसळ, कोंबडीचा तिखटजाळ रस्सा, आणि हे सगळं केळीच्या पानावर पऱ्याच्या काठी बसून. पहिल्या वर्षी बाबा जेवलेच नाहीत. ते बांधाच्या खालच्या अंगाला उभे राहून धोंड्यांच्या फटीफटीतून झरणारं पाणी बघत होते. पाल्यातून, मातीतून, अगदी तळातून, बांध सगळीकडून पाझरत होता, आणि ते झरलेलं पाणी खाली एकत्र होऊन गुपचूप खालच्या वाडीकडे निघालं होतं. बाबांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणीतरी भर सभेत त्यांचं धोतर फेडलं.

“हे काय बांधकाम झालं?” ते आमच्या वाडीच्या गावकराला म्हणाले. गावकर म्हणजे वाडीचा कर्ता माणूस. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी रश्श्यात भाकरी बुडवली आणि बांध हा असाच असतो, असं शांतपणे सांगितलं.

पुढल्या वर्षी बांध बाबांनी घातला. रत्नागिरीच्या बाजारातून जाड प्लास्टिकची निळी ताडपत्री आणली, खताच्या रिकाम्या गोण्या जमवल्या, त्या मातीने भरून दाभणाने शिवल्या, विटांसारख्या सांधे चुकवून रचल्या, आणि वरून ताडपत्री तळाच्या खडकापर्यंत नेऊन तिच्या कडा गोण्यांखाली दाबल्या. देखाव्यासाठी म्हणून तात्यांनी वर थोडा टाळ टाकायला लावला, नाहीतर पऱ्याला बांध वाटणार नाही, असं ते म्हणाले. काम झाल्यावर बाबा खालच्या बाजूला उतरले, एकेका गोणीवरून तळहात फिरवत गेले, आणि हात वर करून सगळ्यांना दाखवला. कोरडा. वाडीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले, त्यांना दुसऱ्यांदा रस्सा वाढताना तात्या स्वतः उठले. आता पाट पाऊस लागेपर्यंत सुकायचा नाही, असा शब्द बाबांनी सगळ्यांना देऊन टाकला आणि त्या भरवशावर बहुतेकांनी आगरात पोफळीची नवी रोपं लावली.

त्यानंतर आते आमच्याकडे येईनाशी झाली. आधी मला कळलं नाही, कारण मीच तिच्याकडे पडलेली असायची. कोंड मात्र माझ्या डोळ्यांसमोर आत ओढत गेली. काठाला तांबड्या गाळाची साय दिसायला लागली, मग ती सुकून तिला भेगा गेल्या. मासे मधल्या एका खळगीत दाटीवाटीने जमले. आतेने खरवड टाकणं बंद केलं. पाणी नासेल म्हणून. भांडी ती घरी घासायला लागली. बाबांचं नाव तिच्या तोंडी येत नव्हतं, आणि आतेच्या तोंडी बाबांचं नाव नसणं म्हणजे आमच्याकडे सूर्य न उगवल्यासारखं होतं. मी घरी येऊन सांगायची. बाबा म्हणत, पूर्वीच्या काळी काय पाऊस कमी होत नव्हता? कोंड कधी सुकली नाही. ते खरंही होतं. पूर्वी कोंडीला तिचे झरे होते. ते बुजले आणि कोंड केव्हा बांधाच्या पाझरावर जगायला लागली, ते तिला आणि आतेलाच ठाऊक.

एके दिवशी सकाळी, आई पेज वाढत असताना, आते दारात उभी राहिली. डोक्यावर हंडा, हंड्याच्या तोंडाला ओलं फडकं. ती आत आली नाही. सरळ परसात गेली, आम्ही मागोमाग. फडकं सोडून तिने हंडा टाकीत उपडा केला. मळये, एक बोटभर वाम, थोडे झिंगे, सगळे बाबांच्या सिमेंट फासलेल्या टाकीत.

“तू केलेलं गळत नाय म्हनं,” आते म्हणाली. “मग ठेव ह्यांना तुझ्याकडं.”

बाबांच्या हातात पेजेची वाटी तशीच होती. “अगो, पन आमी आंघोळ कशी करायची?”

“त्यांना इचार,” असं म्हणून आते रिकामा हंडा काखेला मारून गेली, आणि पुन्हा दोन फेऱ्या करून उरलेले मासे घेऊन आली. शेवटच्या फेरीला आईने तिला पाणी दिलं आणि गूळ दिला, तो तिने खाल्ला. भांडण बाबांशी होतं, गुळाशी नव्हतं.

पुढचे दिवस आमच्या घरात जे चाललं ते मी अजून लग्नाकार्यात सांगते आणि लोक तेच पुन्हा सांगायला लावतात. टाकीचं पाणी साबणाला चालेना, म्हणून आई बावीवरून, म्हणजे विहिरीवरून, कळश्या वाहायला लागली आणि प्रत्येक कळशीगणिक बाबांकडे एकदा बघायला लागली. बाबांनी एकदा हट्टाने टाकीचाच नळ सोडून आंघोळ केली, तर डोक्यावर घेतलेल्या तांब्यातून एक झिंगा त्यांच्या बनियनमध्ये शिरला. त्यानंतर ते पऱ्यावर जायला लागले. मी शाळेतून आल्यावर टाकीच्या काठावर ओणवी होऊन माशांना शाळेत काय झालं ते सांगायची. मला वाडीत रेडिओ म्हणत, आणि इतका चांगला श्रोतृवर्ग मला आजवर पुन्हा मिळालेला नाही. माझ्या मुलांचा तर प्रश्नच नाही.

पण मासे काही बरे नव्हते. दुपारी उन्हाने टाकी तापली की ते वर येत आणि तोंडं पाण्याबाहेर काढून आ करत, आ करत राहत. टाकी बाबा पाळी आली की भरत, एरवी पाणी तसंच उभं. वाम एक दिवस पोट वर करून तरंगली. बाबांनी ती बाहेर काढून केळीच्या बुंध्याशी पुरली, आणि आई त्यांना काही बोलली नाही, यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. बाबांनी झावळ्यांची सावली केली. काठीने पाणी ढवळलं. शेवटी त्यांनी पाटापासून एक बारीक पाइप टाकीपर्यंत ओढला आणि त्याचं तोंड टाकीच्या काठावर असं बांधलं की पाणी वरून थेंबाथेंबाने आत पडावं.

मी हे लिहिताना माझ्या स्वयंपाकघरातलं पाणी गाळायचं यंत्र मागे घुरघुरतंय, आणि मला तो आवाज ऐकू येतो, टाकीतला. टप. टप. ज्या माणसाने आयुष्यभर त्या आवाजाचा पाठलाग केला, तो माणूस बादली उपडी घालून तिच्यावर बसला होता आणि तो आवाज ऐकत होता. इकडे तिकडे पसरलेले मासे एकेक करून सरकत आले. कोपऱ्यातले आले, तळाशी गेलेले आले. थोड्या वेळात टाकीतला प्रत्येक मासा त्या एका थेंबाखाली तोंड करून उभा होता.

“सुले,” बाबा म्हणाले, “बघ. सगळे गळतीखाली.”

त्याच संध्याकाळी आते आली. तांबड्या चिखलाने ती कोपरापर्यंत रंगली होती. कोंड तशी कोरडी पडलीच होती, तेव्हा खालच्या वाडीतल्या बायकांनी टोपल्या घेऊन तिच्यातला गाळ उपसायला घेतला होता. ज्याला वाट बघत बसता येत नाही त्याने काय करायचं, असा सवाल तिने पायरीवर बसून सगळ्यांनाच विचारला. खाली एका जागी ओल लागली होती, झऱ्याची. पण नुसत्या ओलीवर कोंड भरायची नव्हती. ती बाबांना म्हणाली, “अंता, जागा आमी केलाव. पानी तू दे.”

बाबांनी मान खाली घातली. पाणी त्यांचं नव्हतं. ते वरच्या वाडीचं होतं, पाळीपाळीने वाटून दिलेलं, नव्या रोपांच्या मुळाशी शब्द देऊन गुंतवलेलं. खालच्या वाडीला पाणी सोडायचं का, हा प्रश्न वाडीत नुसता मांडला असता तरी आज्या-पणज्यांपासूनची सगळी जुनी भांडणं कपडे घालून बाहेर आली असती. माशांसाठी म्हटलं असतं तर लोक हसले असते. मला आता वाटतं, पिढ्यानपिढ्या खालच्या वाडीला जे पाणी मिळत आलं ते कुणी दिलेलं नव्हतंच. देणं म्हटलं की हिशेब आला, उपकार आले, सभा आली. ते गळलेलं होतं. गळलेल्याला कुणी मालक नसतो. बाबांनी गळती बंद केली आणि नकळत दोन वाड्यांमधला सगळ्यात जुना, कुणी कधी न बोललेला करारच मोडला.

दुसऱ्या दिवशी जेवणं होऊन वाडी पडवीत आडवी झाली, तेव्हा बाबांनी पाना काढला. एक हातभर लोखंडी पाइप, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, दाभण, सुतळी. मला न्यायचा त्यांचा विचार नव्हता, पण मी आधीच निघाले होते. बांधाच्या मधोमध, पाण्याच्या बऱ्याच खाली, त्यांनी दोन गोण्यांच्या फटीत पाइप सारला, ताडपत्री चिरून रबरी कॉलर शिवली आणि पुन्हा पुन्हा आवळली. पाइपमधून मनगटाएवढी धार खाली पडायला लागली. ते पाण्यात वाकून पाइपच्या कडेने बोट फिरवून बघत होते. बाबा गळती बसवत होते, आणि तीसुद्धा अशी की तिच्या कडेने थेंब गळता कामा नये. शेवटी वर टाळ नीट झाकला.

“कुनाला सांगायचं नाय,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. रेडिओला बरोबर आणल्याचं त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

मी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी कामगिरी दुसरी नाही. बोलायची उबळ आली की मी तोंडात कोकमाचं सोल धरायची. दिवसभर तोंड आंबट करून गप्प बसलेली मुलगी बघून आईला वाटलं मला कावीळ होतेय. तिने मला दोन दिवस पथ्याचा भात घातला. तोही मी मुकाट्याने खाल्ला.

पाटाचं पाणी अर्थातच उतरलं. वाडी बांधावर जमली. तात्या, रोपं लावलेले सगळे, आणि मधे बाबा. मी टाकीतल्या माशांसारखी तोंड वर करून उभी.

“गळतोय,” बाबा म्हणाले.

 मग तात्यांनी विचारलं, “अनंता, तू घातलेला बांध गळतोय?”

“गळतोय. कुठून ते सापडत नाय.”

सापडत नाही हे शब्द मी बाबांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकले नव्हते. ज्या माणसाला दुसऱ्याच्या मोरीतला थेंब भिंतीपलीकडून ऐकू येई, तो मनगटाएवढ्या धारेपाशी उभा राहून हे सांगत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. मग जे व्हायचं ते झालं. कुणीतरी म्हणालं, बरं झालं पोफळीची नोकरी वेळेत सोडलीस. दुसरा म्हणाला, हात वर करून दाखव बघू आता. सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले, थोडे उशिरा. मग लोक शोधायला लागले. बाबा त्यांना डाव्या टोकाकडे बघा म्हणत, उजव्या टोकाकडे बघा म्हणत. मधे मात्र नाही. तात्या आपले आपण मधे उतरले. टाळ बाजूला न करता त्यांनी आत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि थांबला. माझ्या तोंडातलं सोल गिळलं गेलं. तात्यांनी वर बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ते खाली वाहत जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले, मग हात काढून धोतराला पुसला.

“नाय बा,” ते म्हणाले. “इथं काय नाय.”

रोपांसाठी पाळ्या थोड्या आखूड करण्यात आल्या. बुंध्यांना पाल्याचं आच्छादन घातलं. रोपं तगली, दोनचार मेली ती आमची. मे महिन्याच्या शेवटाला पाट सुकला, दरवर्षी सुकायचा तसाच. कोंड मात्र भरली. आते टाकीवर हंडा घेऊन आली, मासे घेऊन गेली, आणि जाताना आमच्या दारातून बाबांना इतक्या मोठ्याने हाक मारून गेली की समोरच्या घरातलं मूल उठलं. आईने त्या संध्याकाळी टाकी घासून काढली, आणि बाबांना कुळथाच्या पिठीबरोबर एक पापड जास्त वाढला.

बाबा आता थकले आहेत. कानांनी कमी ऐकू येतं, नळ टिपकला तर मला उठून सांगावं लागतं. आगरात आता पोफळी कमी, आंब्याची कलमं जास्त. मोहोरावर औषधं मारतात, आणि फवारणीचा पंप पऱ्यावर धुवायचा नाही यावरून आतेची सून दरसाल कुणाशी ना कुणाशी भांडते. खाण आमच्या सड्यावरची बंद झाली, शेजारच्या सड्यावर निघाली. नात्यातले भाचे सुट्टीत आले की गाड्या काढून आरे-वारेच्या समुद्रकिनारी फोटो काढायला जातात. येताना एक दिवस मी त्यांना कोंडीवर नेते आणि पाण्यात पाय सोडायला लावते. ते किंचाळतात. दर हिवाळ्यात, बांध घालायच्या आधी, दोन्ही वाड्या मिळून तिच्यातला गाळ काढतात. पूर्वीइतकी खोल ती झालेली नाही. माझ्या छातीइतकी झाली आहे, आणि मी काही उंच नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या गळतीच्या पुढल्या वर्षीचं. पावसात बांध वाहून गेला, तसा तो दरवर्षीच जातो. बाबांचा पाइपही गेला असणार, आणि बाबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. भातं कापून झाली, वाडी पऱ्यावर जमली. बाबा एका कडेला धोंडे वाहत होते, मुख्य कामाला पुढे होत नव्हते. गोण्यांच्या राशीपाशी तात्या आले. त्यांनी बगलेतलं एक गोणपाट उलगडलं. आत तो पाइप होता, गंज लागू नये म्हणून तेल चोळलेला, रबराची कॉलर जशीच्या तशी.

“पयल्या पावसात मीच जाऊन काढला,” तात्या म्हणाले. “व्हावून गेला असता.”

आजूबाजूला सगळे एकदम धोंडे उचलण्यात गढून गेले. कुणी या बाजूला बघेना. बाबांनी पाइप हातात घेतला, फिरवून पाहिला, तोंडाला डोळा लावून आरपार पाहिला. 

“नीट बसव,” तात्या म्हणाले. “आन् यंदा पन सापडू देऊ नको.”

बाबांनी खिशातून पाना काढला.